कामावर असलेले इंजिन

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात ग्रेट बेडविन या गावाजवळ क्रॉफ्टन नावाची एक छोटी वस्ती आहे. खाली एक झऱ्यांवर भरणारे तळे, तळ्याला लागून कालवा, कालव्याला लागून लोहमार्ग आणि त्यापलीकडच्या चढावर विटांची एक उंच, साधी इमारत. इमारतीशेजारी ८२ फुटांचे धुराडे. वर्षातील बहुतेक दिवस ते शांत असते. मोजक्याच शनिवार-रविवारी त्यातून धूर निघू लागतो आणि आसपासच्या लोकांना कळते की, आज इंजिन कामावर आहे.

'कामावर आहे' हे शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेले नाहीत. या इमारतीत बोल्टन अँड वॅट या कंपनीने १८१२ साली बसवलेले वाफेचे इंजिन आहे. पेशवाई बुडण्याच्या सहा वर्षे आधीचे! आपल्या मूळ जागी उभे असलेले आणि ज्या कामासाठी बसवले तेच काम आजही करू शकणारे हे जगातील सर्वात जुने बीम इंजिन मानले जाते. एरवी कालव्याला पाणी पुरवण्याचे काम विजेचे पंप करतात. परंतु इंजिन चालवण्याच्या दिवशी ते पंप बंद ठेवले जातात आणि दोन शतकांपूर्वीचे हे धूड खालचे पाणी ४० फूट वर उचलून कालव्याच्या माथ्याकडे पाठवू लागते. पाहायला आलेल्यांना प्रात्यक्षिक दाखवावे म्हणून पाणी गोल फिरवलेले नसते. त्याच पाण्यावर त्या दिवशी कालव्यातील नावा चालतात.

एवढ्याशा संग्रहालयाची दखल घ्यावी असे त्यात काय आहे? त्याच्यामागे राजवाड्याची श्रीमंती नाही, सरकारी खात्याचा पगारी कर्मचारीवर्ग नाही. आहे तो कोळसा खोऱ्याने भट्टीत टाकणाऱ्या, झडपांना तेल देणाऱ्या, मुलांना माहिती सांगणाऱ्या आणि चहा-केक विकणाऱ्या स्वयंसेवकांचा एक समूह. या समूहाने आपल्या यंत्रासाठी समाजाकडे पैसे कसे मागितले आणि समाजाने ते का दिले, हा विषय आपल्याकडील वारसाप्रेमींनीही बारकाईने पाहावा असा आहे.

यंत्राचे प्रयोजन समजल्याशिवाय या खटाटोपाचे मोल कळणार नाही. लंडनकडील टेम्स नदी आणि पश्चिमेकडील ब्रिस्टल बंदर यांना जोडणारा केनेट अँड एव्हन कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला. जॉन रेनी हे त्याचे अभियंते. मार्ग ८७ मैलांचा आणि मध्ये टेकड्या. नावांना टेकडी चढवायची तर 'लॉक' बांधावे लागतात. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधील पाण्याचा हौद. नाव आत घ्यायची, दरवाजा लावायचा, वरचे पाणी सोडून हौद भरायचा, की नाव एक पायरी वर येते. उतरताना उलटा क्रम. म्हणजेच माथा ओलांडणारी प्रत्येक नाव चढताना एक हौदभर आणि उतरताना एक हौदभर पाणी माथ्यावरून खाली नेते. माथ्यावर स्वाभाविक जलस्रोत पुरेसा असता तर प्रश्न नव्हता. येथे तो नव्हता. माथा आणखी खाली घ्यायचा तर फार लांब बोगदा खोदावा लागला असता. तो खर्च टाळून ५०२ यार्डांच्या लहान बोगद्यावर भागवले गेले आणि त्याची भरपाई म्हणून क्रॉफ्टनचे झरे कायमचे वर उचलत राहण्याची जबाबदारी यंत्रावर टाकली गेली. वर आलेले पाणी सुमारे मैलभर लांबीच्या पाटाने माथ्याला पोहोचते.

पाट हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मोटेने विहिरीतून पाणी काढून पाटाने मळ्यात सोडणाऱ्याला हे सारे पाहिल्यावर फार परके वाटणार नाही. बैलांच्या जागी येथे वाफ आहे इतकेच. इमारतीच्या आत, भिंतीवर तोललेली ओतीव लोखंडाची एक प्रचंड तुळई एखाद्या सी-सॉसारखी वर-खाली होते. तिच्या एका टोकाला सिलिंडरमधील दट्ट्या, दुसऱ्या टोकाला विहिरीत उतरलेला पंपाचा दांडा. सिलिंडरमधील वाफ शेजारच्या निराळ्या पात्रात नेऊन थंड पाण्याने निववली की पोकळी निर्माण होते आणि दट्ट्या खाली खेचला जातो. वाफ सिलिंडरबाहेर निववण्याची ही युक्ती जेम्स वॅट यांची. तिचे पेटंट १७६९ चे. त्यापूर्वीच्या इंजिनांत प्रत्येक फेऱ्याला खुद्द सिलिंडरच थंड करावा लागे आणि अतोनात कोळसा वाया जाई. १८१२ च्या इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला सुमारे एक टन पाणी वर येते. त्याच्या शेजारी कॉर्नवॉलच्या हार्वे कंपनीचे १८४६ चे दुसरे इंजिन आहे.

पुढची कथा ऱ्हासाची. कालव्याला समांतर लोहमार्ग आला. १८५२ मध्ये त्या रेल्वे कंपनीनेच कालवा विकत घेतला. प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेल्या मार्गाचे जे व्हायचे तेच झाले. वाहतूक आटली, लॉक नादुरुस्त झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रीयीकरण झाले, तरी दैन्य संपले नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यास हा जलमार्ग कायदा करून कायमचा सोडून देण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा २०,००० हून अधिक सह्यांचे निवेदन जलमार्गानेच लंडनला नेण्यात आले. कालवा कायद्याने वाचला. क्रॉफ्टनचे इंजिन मात्र थांबले. धुराड्याचा वरचा भाग धोकादायक झाला म्हणून १९५८ मध्ये तो उतरवण्यात आला. उंची गेली तशी भट्टीला ओढ मिळेना. ओढ नाही तर वाफ नाही. मग विजेचे पंप आले आणि दीडशे वर्षांच्या आसपास राबलेली ही इमारत कुलूपबंद झाली.

येथपर्यंतची हकिकत जगातील कोणत्याही औद्योगिक शहरात घडू शकेल अशीच आहे. मुंबईच्या गिरणगावात ती घडलीही. तेथील गिरण्यांतून लँकेशायर पद्धतीचेच बॉयलर होते. क्रॉफ्टनमध्येही तोच प्रकार आहे. १९८२ च्या संपानंतर आणि पुढे जमिनींच्या व्यवहारांत गिरण्या गेल्या. आज उंच मनोऱ्यांच्या गर्दीत एखादे धुराडे जपून ठेवलेले दिसते. त्याखालची भट्टी, वाफेचे नळ, यंत्रे बहुतांशी भंगारात निघाली आणि ती भट्टी सांभाळणारा माणूस मुलाबाळांना चार गोष्टी सांगून निघून गेला. धुराडे जपले, पण त्यातून धूर का निघत असे हे सांगणारे जवळ कोणी उरले नाही.

क्रॉफ्टनला वेगळे वळण मिळाले ते १९६८ मध्ये. कालव्याच्या पुनरुज्जीवनासाठी स्थापन झालेल्या केनेट अँड एव्हन कॅनॉल ट्रस्ट या संस्थेने ही इमारत इंजिनांसकट विकत घेतली. त्या वेळी खुद्द कालवाच चालू अवस्थेत नव्हता, तो पुढे २२ वर्षांनी, १९९० मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते पुन्हा खुला झाला. म्हणजे ज्या कालव्याला पाणी पुरवायचे, तो ठिकठिकाणी कोरडा पडलेला असताना या मंडळींनी त्याला पाणी पाजणारे इंजिन दुरुस्त करायला घेतले. व्यवहारी माणसाने याला वेडेपणा म्हटले असते. गंज काढणे, बेअरिंगे साफ करणे, बॉयलर तपासून घेणे, विहिरीतील गाळ उपसणे अशी ती कामे. ती सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चाने, थंडीत करायची. दोन वर्षांत, १९७० मध्ये, १८१२ चे इंजिन पुन्हा वाफेवर चालले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जुन्या वास्तूंसाठी आयुष्यभर झगडणारे कवी जॉन बेट्जेमन यांच्या हस्ते औपचारिक उद्घाटन झाले. हार्वेचे इंजिन १९७१ मध्ये सुरू झाले. आखूड धुराड्यामुळे विजेच्या पंख्याने भट्टीला हवा द्यावी लागत होती. धुराडे पूर्वीच्या उंचीला नेण्यास १९९० चे दशक उजाडले.

हा क्रम महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली १९९४ मध्ये, आणि तिच्या उत्पन्नातून वारसास्थळांना मोठाली अनुदाने त्यानंतर मिळू लागली. या कालव्यालाच १९९६ मध्ये अडीच कोटी पौंडांचे साहाय्य मंजूर झाले. परंतु इंजिन त्याच्या पाव शतक आधीच फिरू लागले होते. लंडनच्या सांडपाण्याचा प्रश्न सोडवणाऱ्या क्रॉसनेस पंपगृहाची गोष्टही अशीच आहे. १८६५ मध्ये उघडलेल्या त्या गृहातील चार अजस्र इंजिनांपैकी 'प्रिन्स कॉन्सर्ट' हे इंजिन स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे गंज खरवडून २००३ मध्ये चालते केले. मोठे लॉटरी-अनुदान त्यानंतर आले. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. आधी प्रस्ताव, मग समिती, मग निधीची वाट, आणि तोवर यंत्र पावसात. निधी नाही म्हणून काम नाही, असे सांगितले जाते. पण अनुदान देणारा कोणीही प्रथम हेच पाहतो की, या वस्तूसाठी हात काळे करणारे कोणी आहे काय. ब्रिटनमधील लॉटरीच्या वारसा-निधीला स्वयंसेवकांचे श्रमतास संस्थेचा हिस्सा म्हणून हिशेबात दाखवता येतात. श्रमदानाला तेथे जमाखर्चात जागा आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अर्थात मोठ्या अनुदानाने इमारतीचे छप्पर होते, नवे दालन होते, माहितीफलक लागतात. रोजचा कोळसा त्यातून येत नाही. लहान संग्रहालयाचा खरा कस तेथे लागतो. बॉयलरची ठरलेल्या मुदतीने तपासणी, विम्याचा हप्ता, वंगण, भट्टीच्या विटा, गळणाऱ्या सांध्यांचे पॅकिंग या खर्चांना ना प्रसिद्धी, ना कोनशिला. 'बॉयलरची राख काढण्यासाठी अमुक यांजकडून देणगी' अशी पाटी लावून घ्यायला कोण तयार होईल? म्हणून हा पैसा चिल्लरीतूनच उभा करावा लागतो. प्रवेशशुल्क, वर्गणी, पुस्तकांचे दुकान, उपाहारगृहातील चहा, दाराशी ठेवलेली पेटी. त्यात ब्रिटनच्या करकायद्याची एक चांगली सोय आहे. करदात्याने नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मागता येतात. तिकिटापेक्षा किमान दहा टक्के अधिक रक्कम स्वेच्छेने दिली, तर ती सारी रक्कम देणगी म्हणून धरता येते. दहा पौंडांच्या जागी अकरा देणारा पाहुणा अशा रीतीने संस्थेला पावणेचौदा पौंड देऊन जातो. आपल्याकडे देणगीवरील करसवलत देणाऱ्याच्या खिशात जाते. तेथे सरकारचा वाटा थेट संस्थेच्या झोळीत पडतो.

तरीही कर-सवलतीने कोणी दूरवरून येत नाही. येतो तो इंजिन चालताना पाहायला. क्रॉफ्टनच्या निधिसंकलनाचे रहस्य, त्याला रहस्य म्हणायचेच तर, हे आहे की तेथे देणाऱ्याला आपल्या पैशाचे काय झाले ते दिसते. तिकीट काढून माणूस आत जातो आणि दहा पावलांवर त्याच पैशाचा कोळसा भट्टीत पडताना पाहतो. वरच्या मजल्यावर जाऊन तुळईची टोके हळूहळू झुकताना पाहतो, खाली येऊन पाटात पडणारे पाणी पाहतो. भट्टीजवळचा माणूस त्याच्याशी बोलतो. कदाचित तो निवृत्त शिक्षक असतो, कदाचित कारखान्यात चाळीस वर्षे घालवलेला फिटर. 'वाफ म्हणजे काय' हे शाळेतील फळ्यावर शिकलेले मूल येथे तिचा उष्ण श्वास अंगावर घेते. त्याचे वडील जाताना पेटीत नाणे टाकतात, आणि एखाद्या वेळी विचारतात, 'शनिवारी मदतीला माणूस लागतो का?' संस्थेच्या दृष्टीने हा प्रश्न नाण्याहून मोलाचा.

समाजाशी संबंध जोडणारे उपक्रम म्हणून आजकाल जे जे सांगितले जाते, त्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. शाळांच्या सहली, कालव्याकाठच्या पदयात्रा, कौटुंबिक सुट्ट्यांचे कार्यक्रम, हे सारे योग्यच. पण पैशांच्या ओढीने अनेक लहान संग्रहालये लग्नसमारंभ, मेजवान्या, रात्रीच्या भुताटकीच्या सहली असल्या गोष्टींकडे वळतात. दालन भाड्याने द्यावे, त्यात गैर काही नाही. प्रपंच चालवायचा तर चार पैसे लागतात. धोका असा की, हळूहळू समारंभ मुख्य होतो आणि यंत्र छायाचित्रांच्या मागची शोभा. ज्या दिवशी बॉयलर पेटवण्यापेक्षा दिव्यांची रोषणाई स्वस्त पडते असा हिशेब विश्वस्त मांडतात, त्या दिवसापासून भट्टीवरची माणसे येईनाशी होतात. त्यांना पगार नसतो. काम हाच त्यांचा मोबदला असतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. वस्तुसंग्रहशास्त्र जाणणारे सांगतात की, चालवले की झिजते. दोनशे वर्षांपूर्वीच्या धातूची प्रत्येक फेऱ्याला थोडी हानी होते, भाग बदलावे लागतात, आणि शेवटी मूळ म्हणावे असे थोडेच उरते. हे सत्य आहे. काचेच्या पेटीतील तलवारीचे कोणी रोज युद्ध करून जतन करत नाही. परंतु यंत्र आणि तलवार यांत भेद आहे. हे इंजिन त्याच्या ऐन उमेदीतही दुरुस्त होतच आले. झिजलेला भाग बदलणे हा त्याच्या जीवनाचाच नियम होता. शिवाय थांबलेले यंत्रही शाबूत राहत नाही. ते गंजते आणि मुख्य म्हणजे ते चालवण्याची विद्या मरते. झडप कोणत्या क्षणी उघडायची, तुळईचा आवाज बदलला की काय समजायचे, भट्टीत कोळसा कोणत्या कोपऱ्यात पातळ पसरायचा, हे कोणत्याही पुस्तकातून उतरत नाही. ते एका माणसाच्या हाताखाली दुसऱ्याने उभे राहूनच येते. धातूची झीज मोजता येते, सुटा भाग नव्याने घडवता येतो. या विद्येचा सुटा भाग कोठे मिळतो?

आणखी एक शंका आपल्या बाजूची. ज्या यंत्रयुगाने इंग्लंडला संपन्न केले, त्याच काळात त्याच देशाच्या व्यापारी कंपनीने हिंदुस्थान गिळंकृत केला आणि येथील विणकरांना देशोधडीला लावले. त्या युगाच्या एका पंपाचे कौतुक आपण का करावे? कौतुक साम्राज्याचे नाही. क्रॉफ्टनमध्ये कोणी दिग्विजयाचे नगारे वाजवत नाही. तेथे आठवण जपली जाते ती कारागिराची, ज्याचे नाव कोनशिलेवर नसते. आपल्या कारागिराची अशी आठवण आपण किती जपली, हा प्रश्न इंग्रजांना विचारण्याचा नाही.

क्रॉफ्टनसारख्या संस्थांपुढचा आजचा पेच मात्र निराळाच आहे. ज्या देशाने कोळशावर उद्योगयुग उभारले, त्या देशात आता कोळसा मिळणे दुर्घट झाले आहे. वाफेच्या वारसा-यंत्रांना लागणारा वेल्सचा कोळसा ज्या फॉस-ई-फ्रान खाणीतून येत होता, ती नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. त्याआधी २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर रशियाचा कोळसा थांबला आणि किमती भडकल्या. आता दूरदेशीचा कोळसा आणायचा किंवा दगडी कोळशाच्या भुकटीत इतर द्रव्ये मिसळून केलेल्या विटा वापरून पाहायच्या, असे प्रयोग तेथील वाफेच्या रेल्वे आणि पंपगृहे करत आहेत. हवामानबदलाच्या काळात हौसेसाठी कोळसा का जाळावा, असेही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. वर्षातील थोडे दिवस पेटणाऱ्या एका भट्टीने आभाळ काळवंडत नाही, हे त्याचे एक उत्तर. पण तेवढ्यावर पुढच्या पिढीतील तरुणाचे समाधान होईलच असे नाही, आणि त्याचे समाधान झाले नाही तर भट्टीशेजारी उभे राहायला तो येणार नाही. स्वयंसेवकांत निवृत्तांची संख्या मोठी असलेल्या कोणत्याही संस्थेला ही चिंता देणगीच्या चिंतेहून जड वाटते. कोळसा महाग झाला तर तिकीट वाढवता येते. सत्तरीचा फिटर पुन्हा चाळिशीचा करता येत नाही.

यावर ज्या संस्थांनी उपाय शोधला आहे, त्यांचा उपाय अगदी साधा आहे. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी झाडू किंवा तेलाची बुधली देतात. सहा महिने व्याख्याने ऐकवून मग यंत्राजवळ नेत नाहीत. पितळ घासता घासता तो नळ्यांची नावे शिकतो, नावे शिकता शिकता प्रश्न विचारू लागतो. एखाद्या वर्षाने अनुभवी चालकाच्या देखरेखीखाली झडपेच्या दांड्यावर हात ठेवतो. पाहुण्यांपुढे यंत्राची माहिती सांगण्याची पाळी त्याच्यावर येते, तेव्हा ते यंत्र त्याचे झालेले असते.

रविवारी दुपारनंतर क्रॉफ्टनची भट्टी विझू दिली जाते. तुळई थांबते, विजेचे पंप पुन्हा चालू होतात, गाड्या निघून जातात. बॉयलर निवायला वेळ लागतो. तो निवल्यावर कोणीतरी येऊन भट्टीतील राख काढायची असते, जाळ्या झाडायच्या असतात आणि पेटीतील नाणी मोजून वहीत लिहायची असतात. ही तिन्ही कामे पाहायला पाहुणा थांबलेला नसतो.